काळ्या रानात ड्रेसाज : शिकाऊ स्वाराच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रकल्प असा: मैना नावाची सात वर्षांची घोडी पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ड्रेसाजच्या अगदी खालच्या पातळीची एक टेस्ट नीट करेल, आणि पाठीवर मी असेन. जागा, सोलापूरजवळ देगावच्या पुढं अण्णांच्या रानातला तबेला. शिकवणार दफेदार काका, जयपूरच्या ६१ कॅव्हलरी या लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झालेले. मी शिकाऊ. पगार नाही, पेट्रोल, दुपारचं जेवण आणि शिकवणी. बदल्यात तीन घोड्यांची थानं, खरारा आणि चंदी-पाणी माझ्याकडं.

ज्यांनी ड्रेसाज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आखलेल्या मैदानात, ठरलेल्या क्रमानं घोड्याच्या चाली, वळणं, थांबे करून दाखवायचे; तो क्रम म्हणजे टेस्ट. पंच प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात, अर्धा गुणही चालतो. उडी नाही, शर्यत नाही. पाहणाऱ्याला घोडा आपल्या मनानं करतोय असं वाटलं पाहिजे.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न, "घोड्यावर बसायचे पैसे कोण देतंय?" मी हांगझोऊचं सांगितलं. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं. अनुष पुढं २०२४ ला पॅरिसला गेला, ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरं शिकली कुठं?" म्हटलं, युरोपात. "मग तू देगावात काय करणार?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर अजून जमलेलं नाही, पण कामाला सुरुवात झालीय.

१७ नोव्हेंबर

मैदान आखलं. मोठं मैदान २० बाय ६० मीटरचं असतं, खालच्या टेस्टना २० बाय ४० चालतं. अण्णांनी तेवढीच जागा दिली, विहिरीच्या वरच्या अंगाला.

कोपरा काटकोनात यायला सुतारी हिशेब: एका बाजूला ६ मीटर, दुसऱ्या बाजूला ८, मधली दोरी बरोबर १० भरली पाहिजे. चारी कोपरे झाल्यावर कर्ण मोजला. तो ४४.७२ यायला हवा होता, आमचा एक ४४.५ आणि दुसरा ४५ च्या जवळ आला. मला वाटलं, चालतंय की. काकांनी खुंट्या उपटल्या. "मैदान तिरकं तर घोडी तिरकी. मग दोष कुणाचा ते कळायचं कसं?"

अक्षरं लावायला तेलाचे रिकामे डबे पांढरे रंगवून घेतले. आत येण्याच्या बाजूला मधोमध ए, समोर सी जिथं पंच बसतात, लांब बाजूंवर के-ई-एच आणि एफ-बी-एम. कोपऱ्यापासून ६ मीटर, मग १४, मग १४, मग पुन्हा ६. मैदानाच्या बरोबर मध्यावर एक्स. तिथं डबा नसतो, तो डोळ्यानंच धरायचा. हा क्रम इंग्रजी वर्णमालेच्या हिशेबात कुठंच बसत नाही, तो का असा आहे याच्या पाच-सहा दंतकथा आहेत. पाठ करायचा आणि गप्प बसायचं.

खरी अडचण जमिनीची. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसाळ्यात चपलेसकट पाय धरून ठेवते. असल्या जमिनीवर घोड्याला गोलात दुडकी मारायला लावणं म्हणजे त्याच्या पायांच्या शिरांशी वैर. म्हणून वरचा वीतभर थर ओढून काढला, मुरूम टाकून रोलर फिरवला, आणि रुंदीला थोडा उतार ठेवला: २० मीटरला २० सेंटिमीटर, म्हणजे पाणी विहिरीकडं जाईल. वर क्रश सँडचा पातळ थर. अण्णांना वाटत होतं वाळू जितकी जास्त तितकी बरी. काकांनी हात आडवा धरून चार बोटांपेक्षा कमी दाखवली. खोल वाळूत घोडा पाय ओढत चालतो आणि पुढच्या पायाच्या मागच्या शिरेवर ताण येतो.

२ डिसेंबर

रोजचा क्रम एकदा लिहून ठेवते, पुन्हा लिहिणार नाही. उजाडायच्या आत तबेला. लीद काढणं, पाणी बदलणं, मग खरारा. चारही खूर उचलून तळ साफ करायचा, बोटानं दाबून बघायचा, वास घ्यायचा. खूर सडत असेल तर आधी नाकाला कळतं. वैरण मालदांडीच्या कडब्याची कुट्टी आणि लसूणघास, चंदीला भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा. मैना साडेतीनशे किलोच्या आसपास असेल, म्हणजे कोरडा चारा दिवसाला ५ ते ७ किलो, तोही तीन-चार वेळा वाटून. बुरशी लागलेली पेंढी दिसली की बाजूला. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते पुढंच जाणार, आणि अडलं तर शूळ.

काकांच्या वहीत प्रत्येक घोड्याचं एक पान आहे: अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४. आता ती वही माझ्याकडं.

१९ डिसेंबर

अजून लगाम हातात आलेला नाही. काका मध्ये उभे, मैना लांब दोरीवर गोल फिरतेय, आणि मी वर. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून टाकल्यात. हात कधी मांडीवर, कधी पसरलेले, कधी डोक्यावर. गोल २० मीटरच्या जवळपास ठेवतात, लहान केला तर घोडीच्या सांध्यांवर येतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत दिशा बदलून संपवतात.

मी विचारलं, हे किती दिवस? काका म्हणाले, व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या पोरांना सुरुवातीला अशीच दोरीवर बसवतात आणि तिथं पुरा स्वार व्हायला दहा वर्षांच्या आसपास जातात. तिथं मुलींना २००८ पर्यंत घेतच नव्हते, हे त्यांनी सांगितलं नाही, मी नंतर शोधलं.

पण यातून कळतंय ते असं: दुडकीत घोडीचे तिरपे पाय जोडीनं पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. रिकिबीत उभं राहून हे डोक्यानं मोजता येतं. रिकिबी नसल्या की खालच्या हाडांना कळतं. घोडीची पाठ एकदा उजवीकडनं वर येते, एकदा डावीकडनं. आज डोळे मिटून सांगत गेले, "आता मागचा डावा उचलला... आता उजवा." काका फक्त "हां" म्हणत होते. चुकलं की हां येत नव्हता.

१९ जानेवारी २०२५

गड्डा यात्रेचे दिवस सुट्टी होती. नंदीध्वज बघितले, होम मैदानावर हिंडले, बास.

संक्रांत झाली आणि लग्नसराई सुरू झाली. अण्णांनी मैना अकलूजच्या घोडेबाजारातून आणली ती मुळात वरातीसाठी. आधीच्या मालकानं तिला नाचायला शिकवलेलं. काल एक पार्टी तबेल्यावर आली, सोबत हलगीवाला. हलगी कडाडली आणि मैनानं जागच्या जागी पुढचे पाय छातीपर्यंत उचलायला सुरुवात केली. पार्टी खूश. अण्णा माझ्याकडं बघून हसले, "हेच की तुमचं ड्रेसाज. टीव्हीवर असंच करतात की."

वरवर बघितलं तर अण्णांचं खोटं नाही. मोठ्या ड्रेसाजमध्ये पिआफ नावाची हालचाल आहे: घोडा जागेवर दुडकी मारतो. ग्रां प्री या सगळ्यात वरच्या पातळीच्या टेस्टमध्ये १२ ते १५ पावलं. कुणालाही ते नाचच वाटेल. काकांनी वाद घातला नाही. हलगीवाल्याला म्हणाले, वाजवत राहा. मग मैनाजवळ जाऊन लगाम सैल सोडला आणि जिभेनं चुचकारलं, म्हणजे पुढं चल. मैना पुढं आली नाही. आणखी उंच उचलली, मग मागं सरली, मग तिरकी झाली. मानेवरून घाम निथळत होता आणि हनुवटी छातीला चिकटलेली.

पार्टी गेल्यावर काकांनी मला तिच्या बाजूला उभं करून दाखवलं. पाठ मधोमध खाली दबलेली, मागचे पाय खांबासारखे ताठ, पुढचे तेवढे उडतायत. पिआफमध्ये मागचे सांधे वाकतात, पुठ्ठा खाली बसतो, म्हणून पुढचा भाग हलका होतो. आणि पाय तिरप्या जोडीनं उचलले जातात. शिवाय कोणत्याही पावलाला "पुढं" म्हटलं की घोडा निघाला पाहिजे. ग्रां प्रीत पिआफमधून सरळ पसाजमध्ये, म्हणजे तशाच उचललेल्या पण पुढं सरकणाऱ्या दुडकीत, जायचं असतं. मैनाच्या नाचात पुढं जायचा रस्ताच बंद केलेला आहे. अशा घोड्यांना दोन बाजूंनी दोरानं बांधून शिकवतात, तोंडात काटेरी लगाम घालून. काटेरी लगामावर आपल्याकडं १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे. बाजारात तो आजही टांगलेला दिसतो.

अण्णांशी ठरलं: मे महिन्यापर्यंत मैना वरातीला जाणार नाही. त्यांचा दुसरा घोडा, राजा, जाईल. अण्णांच्या चेहऱ्यावरून हा सौदा त्यांना महागच पडलेला दिसत होता.

५ फेब्रुवारी

प्रकल्पाचा आराखडाच बदलला. शिकवण्याआधी उलगडायचं.

मैनाला मैदानात आणायचं बंद. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं साधी चाल, लगाम लांब, मान हवी तेवढी खाली. सुरुवातीला रस्त्यात कुठं डीजेचा टेम्पो दिसला तरी पाय उचलायची. आता मैलभर सरळ चालते. मग लाकडी वासे जमिनीवर समांतर टाकून त्यांच्यावरून दुडकी. पूर्ण उंचीच्या घोड्याला साधारण १.३ मीटर अंतर ठेवतात, मैना ठेंगणी म्हणून आम्ही १.२ वर आणलं. वासा चुकवायला घोड्याला खाली बघावं लागतं, खाली बघितलं की पाठ वर येते. ही युक्ती माझ्या सगळ्यात आवडीची, कारण यात मला जवळजवळ काहीच करायचं नसतं.

हलगीसाठी वेगळा उपाय. चंदीचा तोबरा लावला की मोबाइलवर हलगी, आवाज अगदी बारीक. पहिल्यांदा तोबऱ्यासकट पाय झाडले. आवाज रोज थोडा वाढवत नेला. आता हलगी लागली की मैना कान टवकारते आणि चंदी कुठंय ते बघते.

२३ फेब्रुवारी

आज बाबा आले. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस. कारखान्यात शंभर माग एकदम चालत असले तरी कोणता बिघडलाय हे बसल्या जागी सांगतात. मी मैदानात दुडकी काढत होते, बाबा कुंपणाला टेकून उभे. घोडीकडं बघतसुद्धा नव्हते, तंबाखू मळत होते.

"डावीकडं वळली की ठेका मोडतोय बघ."

मला काही जाणवलं नव्हतं. काकांनी मला उतरवलं आणि मैनाला नुसतं दोरीवर फिरवलं. उजवीकडं स्वच्छ: टक-टक, टक-टक. डावीकडं एक टक किंचित लवकर येत होता. वर स्वार नसतानाही तेच, म्हणजे दोष बैठकीचा नाही, पायाचा. गोलात आतल्या बाजूचा पुढचा पाय दुखत असला की घोडा त्यावर भार कमी वेळ ठेवतो.

नालबंद चाचांना बोलावलं. त्यांनी चिमट्यानं खूर दाबत दाबत एक जागा धरली आणि मैनानं पाय ओढून घेतला. नाल चारच दिवसांपूर्वी दुसऱ्या एकाकडून बसवलेली. एक खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला होता. असा खिळा लगेच बोंब मारत नाही, दोन-चार दिवसांनी दाब येऊन दुखायला लागतं. खिळा काढला, भोकात औषध घातलं, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, आणि काम बंद. ड्रेसाजच्या शिक्षणाची पहिली पायरी ठेका, हे मी जर्मन पद्धतीच्या पायऱ्यांत वाचलं होतं: ठेका, मोकळेपणा, लगामाशी संपर्क, जोर, सरळपणा आणि शेवटी भार मागच्या पायांवर घेऊन एकवटणं. बाबांना कुठलीच पायरी माहीत नव्हती. जाताना एवढंच म्हणाले, "तेल-पाणी बघत जा तिचं."

१६ मार्च

पाय बरा. फार काही नाही. कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची तीन ठेक्यांची चाल, सुरू केलं, उजव्या बाजूनं छान, डाव्या बाजूनं चुकीच्या पायावर निघते. कोपऱ्यात, वळणाच्या आत वाकलेली असताना मागितलं तर बरोबर पाय पकडते.

मधल्या वेळात पुढच्या वाटा चाळल्या. जर्मनीत फेर्डेविर्ट नावाचा तीन वर्षांचा रीतसर शिकाऊ अभ्यासक्रम आहे: तबेल्यावर काम, महिन्याला विद्यावेतन, सोबत व्यवसायशाळा, शेवटी परीक्षा. त्यात शास्त्रीय घोडेस्वारीची वेगळी शाखा. अनुषची वाट वेगळी होती. तो पोरवयातच जर्मनीत गेला आणि हुबर्टस श्मिट यांच्याकडं शिकला; श्मिट २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले. त्या वाटेला घरचं पाठबळ मोठं लागतं. तिसरी वाट परदेशातल्या तबेल्यावर राहायचं, राबायचं आणि बदल्यात शिकायचं. म्हणजे मी इथं करतेय तेच, फक्त थंडीत.

जर्मनची शिकवणी लावली. नामाला तीन लिंगं आहेत, मराठी माणसाला त्याचं काय?

२० एप्रिल

पाऱ्यानं चाळिशी कधीच ओलांडली. स्वारी उजाडताना, सात वाजता खोगीर खाली. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, फक्त नाकानं, म्हणून धुरळा कमी ठेवणं हे उन्हाइतकंच महत्त्वाचं. आदल्या रात्री मैदानावर पाणी मारतो. काम संपलं की मानेवर, पोटाखाली, मांड्यांच्या आत पाणी, पुन्हा पाणी. चंदीत मीठ. मैदानाच्या कडेची काळी माती फाटलीय, मुरूम टिकून आहे.

११ मे

घरची टेस्ट. सी ला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर काका, शेजारी अण्णांची दहावीतली पुतणी वही घेऊन, कारण पंच डोळे घोड्यावरून काढत नाहीत, गुण बोलतात आणि दुसरा लिहितो.

ए वरून दुडकीत आत, एक्सला थांबणं, सलाम. लगाम एका हातात, दुसरा हात मांडीशेजारी सोडायचा, मान झुकवायची. काका: "४. मागचा उजवा पाय मागं राहिला." ई पासून २० मीटरचा गोल: "६.५." बी पासून दुसऱ्या बाजूचा गोल: "६." के ते एम कर्णावर लांब चाल: "७. पाठ मोकळी आहे." डाव्या बाजूचं कँटर: "५." शेवटी मधल्या रेषेवरून परत, थांबणं: "५.५." टक्के काढले तर साठाच्या थोडे खाली. काकांच्या हातून ७ सुटला, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

अण्णा पूर्ण वेळ उभे होते. टेस्ट संपल्यावर त्यांनी खिशातला मोबाइल काढून हलगी लावली. मैना माझ्याकडं वळली, चंदी शोधत.

२ जुलै

पाऊस झाला. विहिरीच्या अंगाचा उतार काम करतोय, एफ च्या कोपऱ्यात मात्र पाणी साचतं; तिथं मुरूम दबलाय.

पालख्या आपल्या जिल्ह्यात आल्यात. काका मला रिंगण बघायला घेऊन गेले, गर्दीत कडेला उभं केलं आणि म्हणाले, फक्त घोड्याची पाठ बघ. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. मान पुढं टाकून, पाठ लांबवून तो गोलात चौखूर निघाला. लोक टापांखालची माती उचलून कपाळी लावत होते, आणि मी मागच्या पायांचं पाऊल पुढच्या ठशाच्या किती पुढं पडतंय ते मोजायचा प्रयत्न करत होते. शेजारच्या आजींनी माझा हात धरून खाली वाकवलं, तेव्हा भानावर आले.

६ जुलै

मेरठची बातमी. तिथल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातल्या घोड्यांच्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं मान्यता दिली, देशातला असा पहिलाच. आपल्या स्वारांना युरोपात घोडे ठेवावे लागतात याचं एक मोठं कारण हेच होतं: इथून निघालेला घोडा रोगांच्या नियमांमुळं बाहेर स्पर्धेला नेणं फार अवघड. बाबांच्या नोव्हेंबरातल्या प्रश्नाचा एक तुकडा यात आहे. मैनाला याचा काही उपयोग नाही, ती युरोपात जाणार नाही. पण इथं तयार झालेला घोडा इथूनच जाऊ शकतो, ही शक्यता माझ्या वयाच्या लोकांसाठी नवीन आहे.

२० जुलै

अण्णांनी हिशेब मांडला. वरातीचा एक सीझन गेला, त्याची भरपाई हवी. काकांनी सुचवलं: रविवारी सकाळी मुलांची शिकवणी, मैना दोरीवर, मुलं वर. नाचरी घोडी या कामाला दिली नसती. आताची मैना हलगी वाजली तरी नाचत नाही. अण्णांनी फी विचारली, आकडा ऐकला, आणि राजाच्या वरातींशी मनातल्या मनात तुलना करून मान डोलावली.

दोरी माझ्या हातात राहणार, काका फक्त बघणार. महिन्याला मानधन सुरू, पेट्रोल वेगळं. जर्मन शिकवणीची फी त्यातून निघेल.

करायची कामं: लहान मापाची दोन हेल्मेट, त्याआधी एकाही पोराला वर बसवायचं नाही. मैनाच्या खोगिराचा तंग झिजलाय, नवा घ्यायचा. एफ च्या कोपऱ्यात दोन ट्रॉली मुरूम. आणि तीन आया आत्ताच विचारून गेल्या की पोरांना रिकिबी का नाहीत. त्यांच्याशी काका बोलणार आहेत.